पन्नास सीसीची पायरी

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइम शहरातून बेर्था बेंझ नावाची बाई नवऱ्याला न सांगता घराबाहेर पडली. नवऱ्याने, म्हणजे कार्ल बेंझने, बनवलेली तीन चाकांची मोटार तिने बाहेर काढली आणि शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला, आपल्या माहेरी निघाली. जगातला हा पहिला लांबचा मोटारप्रवास मानतात. वाटेत इंधन कमी पडलं तेव्हा तिने वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं.

ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेल. पण तिच्यातल्या दोन पात्रांकडे कुणी फारसं बघत नाही. गाडीत बेर्थाची दोन मुलं होती. ऑयगेन १५ वर्षांचा, रिशार्ड १३ वर्षांचा. चढ आला की उतरून गाडी ढकलायची हे त्यांचं काम.

म्हणजे मोटारीच्या इतिहासातल्या पहिल्याच लांबच्या फेरीत दोन टीनएजर हजर होते. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक देशाला एक प्रश्न सोडवावा लागला आहे: किती वयाच्या मुलाच्या हातात, कोणती गाडी, कोणत्या वेळी, कुणाला सोबत घेऊन द्यायची? आपल्याला वाटतं, याचं उत्तर एक आकडा आहे. १८. मलाही तसंच वाटायचं. मग घरात या प्रश्नावरून वाद सुरू झाला आणि मी वाचायला बसलो.

वाद साधा आहे. माझा मावसभाऊ नाशिकला असतो, साडेसतरा वर्षांचा आहे, अकरावी झाली. क्लास घरापासून नऊ किलोमीटर. त्याच्या ग्रुपमधले जवळजवळ सगळे स्कूटरवर येतात. माझी जुनी स्कूटर मावशीकडेच पडून आहे, कागदपत्रं माझ्या नावावर. "दादा, फक्त क्लासपर्यंत," असं त्याचं म्हणणं. मावशी म्हणते, "सगळ्यांचीच पोरं चालवतात रे." काका म्हणतात, "आम्ही तर आठवीत राजदूत चालवायचो." आणि सगळे माझ्याकडे बघतात, कारण चावी द्यायची की नाही हे मालकाने ठरवायचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दोन वाक्यांत उत्तर देण्यापेक्षा जुन्या नोंदी उपसणं मला सोपं जातं. तर हा इतिहास.

आधी परवाना, मग परीक्षा

पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटार चालवणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने परवाना आणला. मोटारीसाठी किमान वय १७, मोटारसायकलसाठी १४. पण परीक्षा नव्हती. पाच शिलिंग भरा, परवाना घ्या. गाडी चालवता येते का, हे कुणी विचारत नव्हतं.

याची किंमत दिसायला तीस वर्षं लागली. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. तेव्हा तिथे वाहनं किती कमी होती हे लक्षात घ्या. आज वाहनं कितीतरी पटींनी वाढूनही तिथला वर्षाचा आकडा दोन हजारांच्या आत असतो. त्या वर्षी कायदा झाला आणि १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. शिकाऊ चालकाच्या गाडीवरची 'एल' ही पाटीही त्याच सुमाराची.

भारतात देशभर लागू असा पहिला मोटार कायदा १९१४ चा. नंतर १९३९ चा आला आणि तो जवळजवळ पन्नास वर्षं चालला. सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत, हे त्या कायद्यात स्पष्ट होतं. म्हणजे आपला '१८' काही कालपरवाचा नाही. काका आठवीत राजदूत चालवायचे तेव्हाही तो होता. फक्त त्यांना कुणी अडवलं नाही.

शाळेतला तास

१९३० च्या दशकात अमेरिकेत एक चांगली कल्पना निघाली. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी एमॉस नेहार्ट नावाचे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. एका दारू प्यायलेल्या चालकाने त्यांच्या उभ्या गाडीला धडक दिली. नेहार्ट यांनी विचार केला की लोक गाडी चालवायला मुळात नीट शिकतच नाहीत. त्यांनी १९३३-३४ च्या सुमारास गावातल्या हायस्कूलच्या मुलांना स्वतःच्या गाडीवर शिकवायला सुरुवात केली. ती गाडी होती १९२९ ची ग्रॅहम-पेज. त्यातून अभ्यासक्रम तयार झाला, शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि काही दशकांत अमेरिकेतल्या हजारो शाळांमध्ये गणित, भूगोलासारखाच ड्रायव्हिंगचाही तास आला.

कल्पनेत चूक काढायला जागाच नाही, असं वाटतं ना? चांगलं शिकवलं तर चांगले चालक तयार होतील. चांगले चालक झाले तर अपघात कमी होतील.

मग कुणीतरी मोजलं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी जॉर्जिया राज्यातल्या डीकॅल्ब काउंटीत मोठा प्रयोग झाला. साधारण १६,००० विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे गट पाडले: एका गटाला भरपूर प्रशिक्षण, दुसऱ्याला थोडं, तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. औषधांची चाचणी घेतात तशी ही पद्धत. निकाल निराशाजनक होता. भरपूर प्रशिक्षणाचा टिकाऊ फायदा अपघातांच्या आकड्यांत दिसला नाही.

कनेटिकट राज्यात तर उलटंच घडलं. तिथे सरकारने पैसे थांबवल्यावर काही गावांच्या शाळांनी ड्रायव्हिंगचा तास बंद केला. संशोधक लिऑन रॉबर्टसन यांनी १९८० मध्ये त्या गावांचे आकडे मांडले. तास बंद झाला तिथे १६-१७ वर्षांच्या मुलांचे अपघात कमी झाले होते. कारण? शाळेत तास नाही म्हटल्यावर बरीच मुलं परवाना काढायला एक-दोन वर्षं उशिरा गेली. शाळेचा तास मुलांना जास्त सुरक्षित करत नव्हता. तो त्यांना लवकर रस्त्यावर आणत होता.

नॉर्वेचा किस्सा मला सगळ्यात जास्त लागला. तिथे बर्फ असतो, म्हणून १९७९ पासून नव्या चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. काही वर्षांनी तपासलं तर तरुण मुलग्यांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात वाढलेले निघाले. गाडी घसरली तर आपण सावरू शकतो असा विश्वास आला, आणि त्या विश्वासाने वेग वाढला. कौशल्य थोडं वाढलं, हिंमत त्याहून जास्त वाढली.

आमच्या घरातल्या वादाला हे थेट लागू पडतं. "त्याला मस्त येते रे चालवता" हे वाक्य मावशीने मला किमान दहा वेळा ऐकवलं आहे. ते खरंही असेल. पण या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट दिसते: सतरा वर्षांच्या मुलाला गाडी चालवता येत नाही, हा मुख्य प्रश्न नाहीच. हात आणि पाय लवकर शिकतात. चूक होते ती वेगाचा अंदाज, समोरच्याच्या चुकीचा अंदाज आणि मागे कोण बसलंय यात.

मागे कोण बसलंय हेही मोजलेलं आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की १६-१७ वर्षांच्या चालकासोबत प्रवासी जितके जास्त, तितका त्या चालकाचा जीव जाण्याचा धोका जास्त. फिलाडेल्फियातल्या टेम्पल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकारी मार्गो गार्डनर यांनी २००५ मध्ये कॉम्प्युटरवरच्या ड्रायव्हिंग गेमचा प्रयोग केला. किशोरवयीन मुलं एकटी असताना जेवढी जोखीम घेत, मित्र बघत असताना त्यापेक्षा बरीच जास्त घेत. मोठ्या माणसांमध्ये हा फरक पडला नाही. म्हणजे तेच पोर, तीच गाडी, तोच रस्ता. मागे दोस्त बसला की हिशेब बदलतो.

एकदम नको, पायरीपायरीने

यातून मार्ग सुचवणारी व्यक्ती म्हणजे पॅट्रिशिया वॉलर, नॉर्थ कॅरोलिनातल्या मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की परवाना हा दिव्याच्या बटणासारखा असू नये, आज बंद, उद्या चालू. नव्या चालकाला आधी कमी धोक्याच्या परिस्थितीत भरपूर सराव मिळू द्या आणि मग एकेक बंधन सैल करा.

हे वाचताना मला हसू आलं, कारण माझ्या कामात आम्ही रोज हेच करतो. नवा कोड कितीही तपासलेला असला तरी पहिल्याच दिवशी सगळ्या ग्राहकांसाठी चालू करत नाही. आधी एक टक्का लोकांना देतो, दोन दिवस आलेख बघतो, मग दहा टक्के, मग पन्नास. कोड वाईट आहे असं त्यात कुणी म्हणत नाही. खऱ्या जगात काय काय घडतं हे चाचणीत कळत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

ही कल्पना पूर्णपणे सर्वांत आधी अमलात आणली न्यूझीलंडने, १९८७ मध्ये. तिथे १५ व्या वर्षी परवाना मिळायचा, आणि शेतावरच्या मुलांची गरज म्हणून तो आकडा बदलणं राजकारण्यांना जड जात होतं. मग त्यांनी वय तेच ठेवलं आणि मध्ये पायरी घातली. शिकाऊ परवान्यानंतर लगेच पूर्ण परवाना नाही. मधल्या काळात 'मर्यादित' परवाना. रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने चालवायचं नाही. अनुभवी माणूस सोबत नसेल तर प्रवासी घ्यायचे नाहीत. दारूची मर्यादा मोठ्यांपेक्षा कडक. नंतरच्या अभ्यासात १५ ते १९ वयोगटातल्या मोटार अपघातांतल्या जखमींमध्ये सुमारे २३ टक्के घट दिसली.

काही जण म्हणाले की मुलं चांगली चालवायला लागली म्हणून ही घट झालेली नाही, ती मुळात कमी चालवायला लागली म्हणून झाली. अगदी बरोबर. रात्री, मित्रांना घेऊन, कमी चालवायला लागली. तोच तर हेतू होता.

पुढे १९९६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाने अशी पद्धत आणली. १९९७ मध्ये वॉलरबाईंच्या नॉर्थ कॅरोलिनाने. हळूहळू सगळ्या राज्यांनी काही ना काही रूपात ती स्वीकारली आणि सगळ्यात लहान चालकांचे अपघात साधारण २० ते ४० टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासांत दिसलं.

हे झालं मोटारीचं. आपल्याकडे टीनएजर म्हणजे दुचाकी. युरोपने दुचाकीसाठीही जिना बांधला आहे. २०१३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार साधारणपणे १६ व्या वर्षी ताशी ४५ किलोमीटरची मोपेड किंवा १२५ सीसीपर्यंतची हलकी बाइक, १८ व्या वर्षी मध्यम ताकदीची, आणि कितीही ताकदीची बाइक हवी असेल तर दोन वर्षांच्या अनुभवानंतर २० व्या वर्षी. अनुभव नसेल तर थेट २४ व्या वर्षी.

आपल्याकडे पायरी होती

आता गंमत ऐका. अशी एक पायरी आपल्याकडेही होती.

१९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर बनलेली, ५० सीसीची, पायडल असलेली मोपेड. तुमच्या आईवडिलांना विचारा. मास्तर, नर्सबाई, दूधवाले, बँकेतले क्लार्क आणि कॉलेजची मुलं, सगळ्यांनी ती चालवली आहे. वेग एवढाच की मागून कुत्रं लागलं तर काळजी वाटावी.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १८ ची अट कायम ठेवली, पण एक सवलत दिली: बिनगिअरची दुचाकी १६ व्या वर्षापासून चालवता येईल. परवाना काढायचा, आणि पालकांची लेखी संमती हवी. तोवर बिनगिअरची म्हणजे फक्त मोपेड राहिली नव्हती. कायनेटिक होंडा बाजारात आली होती, ९८ सीसीची. तिलाही गिअर नाही. म्हणून १९९४ च्या दुरुस्तीत 'बिनगिअरची' हे शब्द काढून '५० सीसीपर्यंतची' असे शब्द घातले. दुरुस्ती शहाणपणाची होती. गिअर आहे की नाही यापेक्षा ताकद किती हे महत्त्वाचं.

पण कायदा जागेवर राहिला आणि बाजार पुढे गेला. धूर सोडणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांवरचे नियम कडक होत गेले. २००० नंतर शंभर सीसीच्या पुढच्या फोर-स्ट्रोक स्कूटर घराघरांत आल्या. लुना बंद पडली. मोपेड म्हणून अजून विकल्या जाणाऱ्या टीव्हीएसच्या गाडीचं इंजिनही आता ९९.७ सीसीचं आहे. ५० सीसीची पेट्रोल दुचाकी शोरूममध्ये उरलेलीच नाही. परवान्याच्या यादीत मात्र ५० सीसीचा वर्ग आजही आहे. पायरी कागदावर आहे, पाय ठेवायला जागा नाही.

परिणाम काय झाला? १६ व्या वर्षी सायकल, आणि १८ व्या वाढदिवसानंतर थेट सगळं. शिकाऊ परवाना काढा, तीस दिवस थांबा, चाचणीत आठचा आकडा काढून दाखवा. शिकाऊ परवान्यावर शिकवणाऱ्याशिवाय मागे कुणाला बसवायचं नाही, लाल अक्षरात 'एल' लावायचं, असे नियम आहेत. पण ते महिनाभराचे. पक्का परवाना मिळाला की त्याच रात्री मागे दोस्त बसवून हायवेला जायला कायद्याची ना नाही. गाडी ११० सीसीची असो की ३९० ची.

आणि मधली दोन वर्षं? त्या वर्षांत अकरावी-बारावी असते, क्लास असतात, बस वेळेवर नसते. त्या दोन वर्षांत आपल्या शहरांतली असंख्य मुलं कायद्याबाहेर गाडी शिकतात, आणि कायद्याबाहेर शिकताना पहिला धडा हा मिळतो की पोलीस दिसला तर गल्लीतून वळायचं.

विजेच्या गाड्यांनी आणखी एक गोंधळ केला आहे. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेवरची दुचाकी नियमांनुसार 'मोटार वाहन' धरतच नाहीत. परवाना नको, नोंदणी नको. वेगाच्या दृष्टीने ही जुन्या लुनाचीच वारस. पण लुनासाठी १६ वर्षं, परीक्षा आणि पालकांची सही लागायची. इथे काहीच नाही. पायरी पुन्हा मिळाली, पण कठड्याशिवाय.

शिक्षा नंतर, पायरी आधी

२०१९ मध्ये कायद्यात १९९-अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. चावी मागणाऱ्या पोराला मी आधी हेच कलम पाठवलं होतं. त्याने अंगठा दाखवणारा इमोजी पाठवला. शिक्षेची भीती ज्याला पकडला जाऊ असं वाटतं त्यालाच वाटते, आणि सतराव्या वर्षी तसं कुणालाच वाटत नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असल्याचा आरोप असलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली. दुचाकीवरचे दोघं गेले. दोघंही २४ वर्षांचे, दोघंही इंजिनिअर, माझ्यासारखंच काम करणारे. त्याच दिवशी आरोपीला जामीन मिळाला आणि अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध होता. त्यावर देशभर संताप उसळला, तो योग्यच होता. पण सगळी चर्चा शिक्षेभोवती फिरली. कायद्यातल्या रिकाम्या पायरीबद्दल मी तरी त्या दिवसांत कुठे काही वाचलं नाही.

२०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, असं सरकारी अहवाल सांगतो. त्यांतले चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. हा आकडा एखाद्या श्रीमंत घरच्या पोराने तयार होत नाही. तो तुमच्या-आमच्या घरातून, 'फक्त क्लासपर्यंत' दिलेल्या चाव्यांमधूनही तयार होतो.

सरकार मधली पायरी कधी बांधेल ते बांधेल. मी आमच्या घरापुरती बांधली. मावशी, काका, तो आणि मी व्हिडिओ कॉलवर बसलो. १८ पूर्ण होईपर्यंत स्कूटर नाही. तोवर बस, सायकल, आणि रिक्षाचे पैसे मी देणार. १८ झाल्यावर शिकाऊ परवाना आणि काकांना मागे बसवून सराव. राजदूतचा अनुभव तिथे कामी येऊ दे. पक्का परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने मागे मित्र नाही, रात्री नऊनंतर नाही, हायवे नाही, हेल्मेटशिवाय तर गेटबाहेरसुद्धा नाही. सहा महिने नीट गेले तर एकेक बंधन सैल. मोडलं तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

काका थोडे नाराज झाले. "एवढं काय, कंपनी चालवतोयस का?" म्हणाले. मावशी गप्प होती, पण कॉल संपताना म्हणाली, रिक्षाचे पैसे तू नको देऊस, आम्ही बघतो.

तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला. सगळं मान्य आहे, पण एक बदल हवा: नऊऐवजी साडेनऊ, कारण क्लास सुटतोच नऊला.

मी साडेनऊ करून दिलं.